आधी हार्ड डिस्क बदला, मग एक्सएफसीई बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची मुदत संपली. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच कुरकुरत सुरू झाला. मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या तेवढ्या थांबल्या. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने वर्षभराची वाढीव सोय ठेवली, पण ती मलमपट्टीच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६-१७च्या सुमारास घेतलेला, कीबोर्ड धड, पडदा धड, बिजागऱ्या धड असा लॅपटॉपही या चाळणीतून खाली पडतो.

मग घरातला एखादा भाचा किंवा कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला सुचवतो, “लिनक्स टाकून बघा ना.” सल्ला बरोबर असतो. घोळ पुढे होतो. लिनक्सवर डेस्कटॉप कोणता घ्यायचा, असे विचारले की नावांची जत्रा भरते: ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, आइसडब्ल्यूएम. त्यातून निवड करताना जाणकार मंडळी एकच प्रश्न विचारतात. मोटारसायकल घेताना जसे ‘ॲव्हरेज किती देते?’ तसे इथे ‘सुरू झाल्यावर मेमरी किती खातो?’ ज्याचा आकडा कमी, तो जिंकला.

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर विचारायचा आहे. त्याआधी यंत्राची हार्ड डिस्क पाहायला हवी आणि त्याच्यासमोर रोज कोण बसणार आहे, हे पाहायला हवे.

डेस्कटॉप म्हणजे नेमके काय, हे एसटीच्या उदाहरणाने चटकन कळते. एसटी महामंडळाने वर्षानुवर्षे कंपनीकडून नुसती चासी विकत घेतली आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधली. इंजिन, गिअर, चाके चासीसोबत आली. आसने किती, खिडक्या कशा, सामानाला जागा कुठे, हे बॉडी बांधणाऱ्याने ठरवले. लिनक्स हे नाव खरे तर कर्नलचे, म्हणजे चासीचे. डेस्कटॉप ही वरची बॉडी: खिडक्या उघडणारा-मिटणारा विंडो मॅनेजर, खालची किंवा वरची पट्टी, मेनू, फाइल मॅनेजर, आवाज आणि वायफायची बटणे, सेटिंगची खोकी. विंडोजमध्ये बॉडी आणि चासी एकत्रच येते. लिनक्समध्ये त्याच चासीवर हवी ती बॉडी बसते. एवढेच काय, एकाच यंत्रावर दोन-तीन बॉड्या बसवून लॉगिन करताना आज कोणती हवी, हेही सांगता येते.

इतक्या बॉड्या झाल्या कशा, यामागे चांगली चुरशीची गोष्ट आहे. १९९६ साली जर्मनीच्या मथियास एट्रिख यांनी केडीईची हाक दिली. त्याच वर्षी ऑलिव्हिए फूर्दां यांनी एक्सएफसीई सुरू केले. महागड्या युनिक्स यंत्रांवर असायचा तसा डेस्कटॉप लिनक्सवर फुकटात मिळावा, एवढाच त्यांचा हेतू. केडीई ज्या क्यूटी या प्रोग्राम-घटकांच्या संचावर उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम उभारले. म्हणजे आज ज्यांच्यातून निवड करताना डोके चक्रावते, ते तीन मोठे पर्याय अवघ्या दोन वर्षांत जन्मले.

पुढची फाटाफूट २०११ची. त्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आले आणि खालची पट्टी, ओळखीचा मेनू, खिडकी लहान करण्याचे बटण, सगळेच एका फटक्यात बदलले. लोक वैतागले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नापसंती दाखवून एक्सएफसीईची वाट धरली. काही काळाने ते ग्नोमकडे परतले, ती गोष्ट वेगळी. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुन्या ग्नोम २ची प्रत काढून ती जिवंत ठेवली आणि दक्षिण अमेरिकेतल्या चहासारख्या पेयावरून तिला माटे नाव दिले. लिनक्स मिंट या वितरणाने (वितरण म्हणजे चासी आणि बॉडी जुळवून तयार मिळणारे लिनक्स) सिनॅमन काढले. या सगळ्या भांडणात मेमरीचा मुद्दा दुय्यमच होता. लोकांचे म्हणणे साधे होते: रोजच्या हातवळणाची वस्तू न विचारता जागेवरून हलवू नका.

आता मुदत संपलेल्या त्या लॅपटॉपकडे परत येऊ. तो हळू का चालतो? बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधली फिरती डिस्क एका सेकंदात इकडेतिकडे विखुरलेली माहिती साधारण शंभरच्या आसपास वेळा उचलू शकते. साधी साटा एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. मेमरी भरली की यंत्र जादाचा भार डिस्कवर टाकू लागते, त्याला स्वॅप म्हणतात. फिरत्या डिस्कवर स्वॅप सुरू झाला की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. अशा यंत्रावर जगातला सर्वांत हलका डेस्कटॉप चढवला, तरी ब्राउझर उघडताना चहा होऊन जाईल.

म्हणून पहिला खर्च एसएसडीवर करावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या दुकानात ती मिळते. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये चार-सहा स्क्रू काढले की बदलता येते. मेमरीचा एखादा खाचा रिकामा असेल तर तोही भरून घ्यावा. डेस्कटॉपची निवड त्यानंतर.

दुसरा खादाड ब्राउझर. साध्या चार जीबीच्या यंत्राचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. वितरण, आवृत्ती आणि मोजण्याची पद्धत यांनुसार आकडे वरखाली होतात, पण ढोबळमानाने ग्नोमचे यंत्र नुसते सुरू होऊन बसले तरी एक ते दीड जीबी धरते, एक्सएफसीईचे अर्धा ते पाऊण जीबी. म्हणजे सगळी झुंज अर्ध्या-पाऊण जीबीसाठी. व्हिडिओ आणि जाहिरातींनी भरलेली चार-पाच संकेतस्थळे ब्राउझरमध्ये उघडली की तेवढी मेमरी संपते. आठ जीबीच्या यंत्रावर हा फरक जाणवतही नाही. चार जीबीवर तो जाणवतो. दोन जीबीवर मात्र निकाल त्याच्यावरच लागतो.

या आकड्यांत आणखी एक फसगत आहे. लिनक्स रिकामी मेमरी वाया जाऊ देत नाही. अलीकडे वाचलेल्या फाइली तिथे साठवून ठेवतो आणि गरज पडली की जागा लगेच मोकळी करतो. ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर ‘फ्री’ या रकान्यातला चिमुकला आकडा पाहून अनेक जण घाबरतात आणि डेस्कटॉप बदलायला निघतात. पाहायचा असतो तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. आज मेमरी दाबून साठवणारी झेडरॅमसारखी सोयही हाताशी आहे. फेडोरा या वितरणाने २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू ठेवली. ती सुरू केल्यावर चार जीबीचे यंत्र बराच ताण सहन करते.

मेमरीइतकेच महत्त्व ग्राफिक्स चिपला आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. ग्नोम आपला सगळा पडदा ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेतो. चिप जुनी किंवा तिचा ड्रायव्हर अर्धवट असेल, तर ते काम मुख्य प्रोसेसरवर येऊन पडते. पंखा घोंघावतो आणि खिडकी सरकवताना मागे रेघा उमटतात. एक्सएफसीईत सावल्या आणि पारदर्शकतेचे सोपस्कार एका खुणेने बंद करता येतात. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ही एक खूण काढल्याने जो फरक पडतो, तो शंभर एमबी वाचवून पडत नाही.

मग निवड कशी करावी? यंत्रात आठ जीबी मेमरी आणि एसएसडी असेल तर हलकेपणाचा विचार सोडून द्यावा. ग्नोम आवडते तर ग्नोम, विंडोजसारखे हवे तर प्लाझ्मा किंवा सिनॅमन. केडीईची जड म्हणून झालेली बदनामी २००८च्या चौथ्या आवृत्तीच्या काळातली आहे; २०१४ मधल्या प्लाझ्मा ५पासून त्याने बरेच वजन उतरवले. दाट पिक्सेलचा नवा पडदा असेल आणि अक्षरे सव्वापट किंवा दीडपट मोठी करायची असतील, तर ग्नोम आणि प्लाझ्मा हे दोन मोठे डेस्कटॉप बरे. एक्सएफसीई तिथे अजून चाचपडते.

दोन जीबीच्या यंत्राला एलएक्सक्यूटी शोभते. तैवानच्या होंग जेन यी यांनी २००६ मध्ये त्याचे पूर्वरूप असलेले एलएक्सडीई सुरू केले. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायच्या मॉडेल बीमध्ये मेमरी होती अवघी २५६ एमबी. त्यावर मुलांना दिसणारा डेस्कटॉप एलएक्सडीईचाच होता. पुढे त्या मंडळींनी रेझर-क्यूटीच्या गटाशी हातमिळवणी करून एलएक्सक्यूटी घडवले. लुबुंटू या वितरणाने १८.१०पासून तेच स्वीकारले. त्याहून लहान यंत्रासाठी अँटिएक्ससारखी वितरणे आहेत. ती पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा नुसता विंडो मॅनेजर देतात आणि दोन-अडीचशे एमबीच्या आसपास सुरू होतात. मात्र ही बॉडी म्हणजे उघडा टेम्पो. ज्याला टपावर चढून स्वतः दोरी बांधता येते, त्यानेच तो घ्यावा.

राहिला तो मधला मोठा गट: चार जीबी, जुना प्रोसेसर, घरात तिघे वापरणारे. या गटासाठी एक्सएफसीई हेच उत्तर आहे. त्याचे खरे कारण मेमरीपेक्षा त्याच्या स्वभावात आहे.

एक्सएफसीईची ४.१२ आवृत्ती फेब्रुवारी २०१५ मध्ये आली, ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये. साडेचार वर्षे. तंत्रज्ञानाच्या जगात एवढ्या काळात कंपन्या जन्मतात आणि बुडतात. त्यातला बराचसा काळ आतले यंत्रकाम जीटीके या घटकसंचाच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर नेण्यात गेला. वापरणाऱ्याला मेनू होता तिथेच दिसला. त्यानंतर ४.१६, ४.१८ आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४.२० आली, तरी ज्याने दहा वर्षांपूर्वी एक्सएफसीई शिकले, त्याला आज नव्याने काही शिकावे लागत नाही. या प्रकल्पाचे बोधचिन्ह उंदीर आहे आणि मेनूचे नाव व्हिस्कर, म्हणजे मिशा. काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या लहानशा गटाचे. मंद चाल हा इथे गुण ठरतो.

महाराष्ट्रात या गुणाला विशेष किंमत आहे. २००१ नंतर इथल्या एका अख्ख्या पिढीने संगणक शिकला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात: खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्टचे बटण, उजवीकडे घड्याळ, मधे उघडलेल्या खिडक्यांची रांग. निवृत्त शिक्षिका असोत, पतसंस्थेतले कारकून असोत, की किराणा दुकानाचा हिशेब ठेवणारे काका असोत, त्यांचा हात आपोआप त्या कोपऱ्यात जातो. लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीत पट्टी खाली आणि मेनू डावीकडे, अगदी त्याच जागी असतो. झुबुंटू या वितरणात तेच एक्सएफसीई पट्टी वर घेऊन येते; काही क्लिकांत ती खाली आणता येते. साठीच्या माणसाला नवी भूमिती शिकवण्यापेक्षा पट्टी खाली आणणे कधीही स्वस्त.

मराठीचा प्रश्नही आधीच तपासून घ्यायला हवा. एक्सएफसीई जीटीकेवर उभे आहे, एलएक्सक्यूटी क्यूटीवर. दोन्हींत जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ ही यंत्रणा करते, त्यामुळे देवनागरी नीट दिसते. नोटो किंवा लोहित यांपैकी एक फाँट बसवला की काम झाले. अगदी किमान प्रणालींत मात्र जुन्या पद्धतीच्या टर्मिनलमध्ये ‘क्ष’ फुटतो, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आराखडा थेट जोडता येतो. त्यासाठी वेगळा प्रोग्राम चालू ठेवावा लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस ही टंकलेखनाची यंत्रणा लागते. ग्नोमने ती आतच गुंफली आहे, एक्सएफसीईत थोडी खटपट होते आणि मिंटने ती खटपट ‘इनपुट मेथड’ या खोक्यात सोपी करून ठेवली आहे. मेनूंचे मराठी भाषांतर सगळीकडे सारखे नाही. ते किती झाले आहे, हे बसवण्याआधीच डोळ्यांनी पाहून घ्यावे.

हलकेपणाच्या नादात काय सुटू शकते, याचा धडा डेबियनने दिला आहे. या जुन्या, मातब्बर वितरणाने २०१३ मध्ये येत्या आवृत्तीसाठी ग्नोमऐवजी एक्सएफसीई हा मूळ डेस्कटॉप करायचे ठरवले. सप्टेंबर २०१४ मध्ये निर्णय फिरला आणि ग्नोम परत आले. त्यामागच्या कारणांत एक महत्त्वाचे कारण अपंगस्नेही सोयींचे होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ऑर्का हा वाचक ग्नोमशी जितका मिसळून चालतो, तितका इतरत्र चालत नाही. घरात दृष्टी अधू झालेले आजोबा असतील, तर त्यांच्यासाठी ग्नोमच हलके. मेमरी कमी पडत असेल तर वाढवावी, पण त्यांचा वाचक काढून घेऊ नये.

एक्सएफसीईवरचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि तो खरा आहे. लिनक्सचा पडदा रंगवणारी एक्स ११ ही यंत्रणा १९८७ची. तिच्या जागी वेलँड येत आहे. ग्नोम आणि प्लाझ्मा त्यावर सरावले, एक्सएफसीईने ४.२०मध्ये त्यावर नुसते पहिले पाऊल टाकले, तेही प्रायोगिक म्हणून. एकमेकांच्या खिडक्यांत डोकावणाऱ्या प्रोग्रामना वेलँड अधिक कडक अडवते, हेही खरे. पण ज्या लॅपटॉपचे आयुष्य आणखी चार-पाच वर्षांचे, त्याच्यासाठी हा वाद आज निर्णायक नाही. त्या काळात नियमित अपडेट मिळत राहणे अधिक मोलाचे आहे.

म्हणूनच डेस्कटॉपइतकेच वितरणाकडेही पाहावे. अतिहलक्या प्रणालींपैकी काही एक-दोन उत्साही माणसांच्या खांद्यावर चालतात. तो उत्साह संपला की अपडेटही संपतात. जुनी ३२-बिट यंत्रे तर आता काठावरच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणेच बंद केले. अशा यंत्रावर पैसे आणि रविवार घालवण्यापेक्षा त्याचा निरोप घेतलेला बरा.

आणि काहींनी या वाटेला जाऊच नये. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो, ज्यांच्या छापखान्याच्या फाइली श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये अडकल्या आहेत, त्यांच्या अडचणीला कोणताही डेस्कटॉप औषध नाही. त्यांनी कामाचे यंत्र विंडोजवरच ठेवावे आणि लिनक्सचा प्रयोग दुसऱ्या यंत्रावर करावा.

बाकीच्यांसाठी निवड करायला एक पेनड्राइव्ह पुरतो. डेबियन एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, प्लाझ्मा आणि ग्नोम यांच्या वेगवेगळ्या थेट चालणाऱ्या प्रती देते. मिंटची एक्सएफसीई प्रतही तशीच चालते. डिस्कवर काहीही न बसवता त्या सुरू करून पाहाव्यात. पेनड्राइव्हवरून यंत्र थोडे मंद चालते, हे ध्यानात धरावे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का आणि मराठीत ‘दऱ्याखोऱ्या’ नीट उमटते का, हे त्यात कळते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी. आणि हा प्रयोग भाच्याने एकट्याने करू नये. जी व्यक्ती रोज त्या लॅपटॉपसमोर बसणार आहे, तिला खुर्चीत बसवावे, हातात माउस द्यावा आणि वीजबिल भरायला सांगावे. तिला मदत न मागता बिल भरता आले, तर तोच डेस्कटॉप बसवावा, मग मेमरीचा आकडा काहीही असो.